कुणीच न दिलेलं उत्तर

आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या बाईंना "बाई, बऱ्या आहात ना?" असं विचारायची सोय नव्हती. "बरी म्हणजे नक्की कशी रे?" म्हणून त्या उलटतपासणी घ्यायच्या. दौंडहून रोज एसटीनं शिरूरला येणाऱ्या या बाईंचं नाव पोरांनी 'सरासरीबाई' ठेवलं होतं, ते चिडवायला. लोकांच्या मतांची कुणी सरासरी काढलेली त्यांना मुळीच खपत नसे.

याचं मूळ मला ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात वाटेवरच्या एका गावाला दुसरा नळ द्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी तालुका कचेरीनं बाईंकडून पाहणी करवून घेतली. घरोघरी हिंडायला मी होतो. पाण्याची सोय कशी? अगदी वाईट, वाईट, बरी, चांगली, अगदी चांगली. गुण एक ते पाच. वरच्या आळीतली आणि बौद्धवस्तीतली घरं सारख्याच संख्येनं निवडली. बाईंनी साऱ्या गुणांची सरासरी काढली, ती आली तीन. 'सोय बरी आहे' असा अहवाल मी सुवाच्य अक्षरात लिहिला. त्या अक्षराची मला अजून लाज वाटते. नळ दुसऱ्याच गावाला गेला.

पुढं वस्तीतल्या एका आजींनी बाईंना गाठलं. "बाई, आमच्यात बरी कोन म्हनलं वो? आमी समद्यांनी लई वाईट सांगितलं हुतं. वरच्या आळीला नळ दारात हाय, ती झ्याक म्हननारच की!"

बाई तिथंच आजींच्या ओट्यावर बसल्या. खरंच, 'बरी' असं त्या गावात एकानंही म्हटलं नव्हतं. ते आम्हीच म्हटलं होतं. आजींनी लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी पुढं केलं, ते बाई थेंबही न सांडता प्यायल्या.

"मतांची बेरीज करू नये रे. कुठल्या आळीतली किती माणसं काय म्हणाली, ते मोजावं," असं मला सांगत बाईंनी आळीवार नवं कोष्टक केलं आणि कचेरीत खेटे घातले. वस्तीत नळ आला, पण तोवर आजी गेल्या होत्या. ते गाव आलं की एसटीत बाई डोळे मिटून बसायच्या.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दौंडला गेलो. सवयीनं बोलून गेलो, "बाई, बरं वाटतंय ना?"

बाई कष्टानं हसल्या. "दुखतंय फार. आणि तू आलास, त्याचा आनंदही फार झालाय. दोन्ही वेगवेगळं लिही."