काटा कुठी हाये?

गाडीतल्या विजेचं काम करणारा माणूस गाडीच्या काट्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, असं कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण काटेमिस्त्रींची तीच तऱ्हा होती. पेट्रोलचा काटा, तेलाच्या दाबाचा काटा, विजेचा काटा, डॅशबोर्डवर जे काय लटलटत असेल ते असो. मिस्त्री बॉनेटखाली डोकं घालून उभे राहायचे आणि आत बसलेल्याला ओरडून विचारायचे, "काटा कुठी हाये?" आतला सांगेल, त्यावर इलाज. गाडी राइस मिलवाल्या शेठची असो की सरकारी डॉक्टरची, उत्तर मालकानं किंवा त्याच्या ड्रायव्हरनं द्यायचं. एक शेठ एकदा वैतागून म्हणाला, "मिस्त्रीजी, आप ही देख लो ना!" मिस्त्री म्हणाले, "गाडी तुमची, दुखनं तुमचं. वैद्य काय सोताचं पोट दाबून पाहते?" शेठ मुकाट्यानं आत जाऊन बसला.

गोंदियाच्या मोटार स्टँडवर हा त्यांचा रुबाब समजला जाई. लढाईच्या दिवसांत बिरसीच्या धावपट्टीवर ते एका गोऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली होते. आधी झाडू मारायला, मग अवजारं धरायला, आणि शेवटी गोरा चहा पीत असताना तेच विमानातल्या तबकड्या उघडून बसत, असं ते सांगत. त्यातलं किती खरं, देव जाणे. पण विमानाचा माणूस आपल्या मोटारीला हात लावतो याचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता, म्हणून कुणी फार खोदून विचारलं नाही.

माझा त्यांचा संबंध आला तो आमच्या 'पलटण'मुळे. फौजेच्या मोडीत निघालेल्या गाड्यांच्या लिलावातून बाबांनी चहूबाजूंनी बंद अशी एक गाडी आणली होती. आत समोरासमोर दोन बाकं, माणसं बसायची नऊ, आम्ही बसवायचो चौदा. धानाच्या धंद्यात माझा काही उपयोग नाही हे बाबांच्या लवकर लक्षात आलं होतं. इंटरला दोनदा आपटून झालं होतं, लग्न झालं होतं, सव्वीस वर्षांचं वय झालं होतं. तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तरी चालव." त्या 'तरी'त माझं सगळं चरित्र आलं.

पहिल्याच महिन्यात पेट्रोलचा काटा तळाला जाऊन बसला. मी पेट्रोल भरलं, काटा हलेना. मी आणखी भरलं. टाकी भरून पेट्रोल माझ्या चपलांवर आलं तेव्हा मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले, विझवायला सांगितले, दोन्ही वेळा काटा कुठं आहे ते विचारलं आणि गाडीखाली शिरले. बॅटरीची एक तार गाडीच्या सांगाड्याला जिथं बोल्टनं आवळली होती, तिथं चिखल बसून गंज चढला होता. कानशीनं चार हात मारले, बोल्ट आवळला. काटा टुणकन वर. "टाकीत पेट्रोल होतं गा," ते कपडे झटकत म्हणाले, "सांगनाराची वाट बंद होती. तू मुक्या मानसाले जेवाले वाढूनच राहिला."

दुसऱ्या वेळी उंदीर. आमची पलटण धानाच्या गोदामात उभी असे आणि तारांवर तेव्हा कापडाचं वेष्टण असे. कोंडा बसून बसून ते उंदरांना गोड लागत असावं. एकदा हॉर्न दाबला की दिवे लागायचे आणि दिवे लावले की काहीच व्हायचं नाही. मिस्त्रींनी खिशातून त्यांचा बल्ब काढला. छोटासाच बल्ब, त्याला दोन तारा. एक टोक बॅटरीला लावून दुसरं तारेवर ठिकठिकाणी टेकवत ते पुढे सरकायचे. जिथं बल्ब पेटायचा थांबला, तिथं तार तुटलेली. दिवसभर ते असे चाचपत बसले. बोटांनीच तारा ओळखायचे. मला वाटे, काय हा हात! डोळे मिटूनही काम करील.

जाता जाता त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट घोकून घेतली. "धूर दिसला का आधी बॅटरीची तार काढ, मंग देवाचं नाव घे. उलटं नोको करू."

महाशिवरात्रीला आमची गाडी प्रतापगडच्या महादेवाच्या यात्रेला जायची होती. आदल्या दिवसापासून विजेचा काटा बिघडला होता. हा काटा मध्यावर असतो. उजवीकडे गेला तर बॅटरी भरते आहे, डावीकडे गेला तर रिकामी होते आहे. मिस्त्री सकाळीच आले, डॅशबोर्डमागून नवी तार ओढली. एवढ्यात गाडीत तेरा माणसं येऊन बसली. पुढच्या सीटवर माझ्या सासूबाई, मांडीवर नारळ घेऊन.

"रेस दे, बाबू," मिस्त्री बॉनेटमागून ओरडले. "काटा कुठी हाये?"

मी पाहिलं. काटा मध्यावर होता, पण इंजिन हादरलं की डावीकडे झटका मारून परत येत होता.

"जावईबापू, महादेव काय तुमच्यासाठी थांबून राहिला?" सासूबाई.

"झटके मारते का?" मिस्त्री.

मागच्या बाकावरून कुणी 'हर हर महादेव' सुरू केलं. नव्या तारेला बसायला वेळ लागत असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

"नाई, मिस्त्री. एकदम मधात. हालून नाई राहिला."

"पक्कं?"

"पक्कं."

मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं. "मंग जा."

वाटेत अर्जुनीच्या अलीकडे डॅशबोर्डमागून धूर आला. नवी तार एका पत्र्याच्या कडेला घासत होती. दर हादऱ्याला ती पत्र्याला टेकत होती, आणि काटा मला सकाळपासून तेच सांगत होता. मी उडी मारून बॅटरीची तार उपटली, तळहात भाजला, देवाचं नाव नंतर घेतलं. माणसं धानाच्या कापलेल्या बांधीत उड्या टाकत होती. सासूबाईंनी नारळ सोडला नाही. नारळ शाबूत राहिला, मनगट मोडलं. आम्ही सगळे बैलबंड्यांतून अर्जुनीपर्यंत आणि तिथून रेल्वेनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ओढून आणलेल्या पलटणीभोवती गर्दी होती. मिस्त्री आले, जळक्या तारेवरून बोट फिरवलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "तार म्या टाकली होती. चूक माही."

मी तिथंच उभा होतो. गर्दीबरोबर मीही वाकून ती तार पाहिली.

आठ दिवसांत स्टँड बदलला. "मिस्त्री अब बुढ़ा गया," म्हणत एकेक ड्रायव्हर रेल्वे फाटकापाशी बसणाऱ्या नव्या कारागिराकडे जाऊ लागला. सासूबाई आमच्याकडेच मुक्कामाला होत्या आणि प्लास्टरातला हात उंच धरून गल्लीला सांगत होत्या, "आंधळा हाये का तो मिस्त्री? एवढी जळती तार दिसली नाई मेल्याले!" मी ताटात पाहून जेवत होतो.

नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री घरापुढच्या छपरीत बसून जुन्या डब्यातले स्क्रू निवडत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काटा झटके मारत होता, मी पाहिलं होतं, मी खोटं बोललो.

ते स्क्रू निवडतच राहिले. मग एक स्क्रू माझ्यापुढे धरला. "हा पितळी हाये का लोखंडी?"

मला वाटलं, टोमणा मारताहेत. पण त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर भाताच्या पेजेसारखी साय आली होती.

"उजेड दिसते," ते म्हणाले. "बल्ब पेटला का विझला, ते दिसते. काटा दोन वर्सांपासून नाई दिसत."

"आपरेशन करता येते ना, मिस्त्री. नागपूरले नेतो मी."

"माह्या भावाचं झालं. जे दिसत होतं तेही गेलं." त्यांनी डबा बाजूला सारला. "बस."

मी म्हणालो, उद्याच स्टँडवर जाऊन सगळ्यांपुढे सांगतो, चूक माझी होती.

"आन लोक विचारतील, 'मिस्त्रीनं सोता काऊन नाई पाह्यलं?' मंग काय सांगशील?"

मी खाली बसलो.

"चुकलेल्या मिस्त्रीकडं लोक वापस येतात, बाबू. आंधळ्याकडं कोन येईल?"

"मंग मी काय करू?"

"रोज सकारी स्टँडवर ये. आत बस. काटा पाहा. आन जसा हाये तसा सांग."

मी गेलो. दुसऱ्याच दिवसापासून. पुढची दोन वर्षं पलटण दहाच्या आधी निघाली नाही, कारण तिचा ड्रायव्हर सकाळभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून काटे वाचत असे. सुरुवातीला मी फार सविस्तर सांगायचो. काटा कसा किंचित कंप पावून पुन्हा स्थिरावला, वगैरे. मिस्त्री बॉनेटमागून ओरडायचे, "कविता नोको सांगू. डावीकडं का उजवीकडं?" बाबांनी हात टेकले. म्हणाले, "इंटर तर झालं नाही, मिस्त्रीगिरीत तरी पास होतो का पाहू." ड्रायव्हर मला 'छोटे मिस्त्री' म्हणून चिडवायचे. मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, "मालकाचं पोरगं हाये, शिकतो म्हनते. शिकवून राहिलो."

लोक परत आले. आधी ज्यांच्या गाड्या फाटकापाशी दुरुस्त होईनात ते, मग बाकीचे. मिस्त्रींचा बल्ब पुन्हा तारांवरून सरकू लागला. मी एकदाही खोटं सांगितलं नाही. माझ्या हातून नीट झालेल्या गोष्टी फार नाहीत, म्हणून ही लिहून ठेवतो. सासूबाईंचं मनगट जुळलं, जरा वाकडं. दर महाशिवरात्रीला त्या ते मला दाखवत आणि मिस्त्रींच्या डोळ्यांचा उद्धार करत. खरं काय ते त्या जाईपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, धानाच्या लोंब्या निसवत होत्या तेव्हा मिस्त्री तापानं पडले. पाच-सहा दिवस ताप उतरेना. दुपारी मी थर्मामीटर घेऊन गेलो. काकींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, तो त्यांच्या काखेत धरून ठेवला. मी तो खिडकीपाशी नेऊन पाहू लागलो. पाऱ्याची रेघ सापडायलाच वेळ लागला आणि सापडली तेव्हा वाटलं, सापडली नसती तर बरं. काकी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मनात आलं, शंभर म्हणावं. फार तर एकशे एक.

"काटा कुठी हाये?" मिस्त्रींनी खाटेवरून विचारलं.

मी थर्मामीटर पुन्हा उजेडात धरला.

"आज गाडीत कोनी बसून नाई, बाबू," ते म्हणाले. "आरामात पाहून सांग."

मी सांगितलं, "एकशे चारच्या वर हाये, मिस्त्री."

"हाव," ते म्हणाले. "मले बी तसंच वाटून राहिलं." आणि हात पुढे करून त्यांनी माझं मनगट शोधलं, जरा दाबलं, सोडलं. नाडी पाहिली की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. चौथ्या दिवशी ते गेले.

घाटावरून परतल्यावर सगळे स्टँडवर थांबले. त्या दिवशी कुणी गाडी काढली नाही. 'मिस्त्री बुढ़ा गया' म्हणत सर्वांत आधी फाटकाकडे गेलेला बालाघाटकडचा म्हातारा ड्रायव्हर माझ्या शेजारी बसला होता. बिडी न पेटवताच बोटांत फिरवत तो म्हणाला, "क्या नजर थी उस आदमी की! काटे की तरफ देखता तक नहीं था, और बीमारी पकड़ लेता था." मग माझ्याकडे वळला. "छोटे मिस्त्री, तुम तो साथ में थे. आखिर तक नजर वैसी ही थी ना?"

समोर पलटण उभी होती. मी तिच्याकडे पाहत म्हणालो, "वैसी ही थी."

"पक्का?"

"पक्का."