केसभर फिरणारा व्हॉल्व्ह

फिशटँकमध्ये एकेक बुडबुडा सावकाश वर येताना दिसला, की मला त्या दुकानदाराचा राग येतो.

पाणवनस्पतींसाठी मी टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडते. जुना व्हॉल्व्ह जरा फिरवला की वायू भसकन सुटायचा. एका सकाळी माझे मासे पाण्याबाहेर तोंड काढून तडफडताना दिसले, काही मेले. म्हणून मी त्याच्या दुकानात वायू अगदी थोडा थोडा सोडणारा, बारीक फिरणारा नीडल व्हॉल्व्ह मागितला, तर त्याने पुन्हा तसलाच साधा पुढे केला.

"हाच न्या, ताई. मासे मेले तर नवे देतो की! नाहीतर भावाला पाठवा, त्याला कळेल."

मला भाऊ नाही. तरी मी हसले. अपमान झाला की हसायचं, हे आपण मुली कधी शिकतो, कोण जाणे.

"नीडल व्हॉल्व्हच द्या," मी म्हटलं. "मेलेला मासा बदलून मिळत नाही."

माझा आवाज दुकानभर गेला. माणसं वळून पाहू लागली. मी तो खाली आणला नाही. मग त्याने कपाट उघडून तो व्हॉल्व्ह काढला.

आता घरी मी तो व्हॉल्व्ह केसभरच फिरवते. उरलेले मासे खाली, पानांमधून हिंडतात. राग अजून आहे, आणि तो कमी करायची मला घाई नाही.