विहिरीच्या काठावरचं कडवं

शेकलेल्या हलगीच्या कातड्याचा वास आला की मला संकेश्वरजवळच्या एका गावची जत्रा आठवते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आमची आक्का जलशात गायची आणि मी तिच्यामागं हलगी वाजवायचो. आम्हा अस्पृश्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू द्या, हेच ती गाण्यातून मागायची. त्या दुपारी उसाच्या फडांवरून गरम वारा सुटला होता, गाऊन तिचा घसा सुकला. "लई गोड गळा हाय गं तुझा," म्हणत पाटलानं तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला तांब्या उचलला. आक्कानं हात मागं घेतले. "गळा चालतोय, आन् हात चालत न्हाय व्हय?" असं विचारून ती तडक विहिरीवर गेली, पोहऱ्यानं पाणी शेंदलं आणि सगळ्यांदेखत प्याली. मग काठावर उभी राहून पुढचं कडवं गाऊ लागली. दगड आले. एक कपाळावर बसला, तरी कडवं पुरं करूनच ती उतरली. दुसऱ्या दिवशी गावानं विहिरीत गोमूत्र ओतलं. जनावराचं मूत त्यांना चाललं, माझ्या बहिणीचा हात चालला नाही! आता लोक म्हणतात, "आण्णा, जुनं झालं, सोडा की." का सोडू?