सरकवलेली खुर्ची
आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली फर्निचरला पॉलिश चाललेलं असलं की त्या वासाने मला आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, माजिवड्याचं दुमजली घर आठवतं. त्याच्या सागवानी खांबांना दर उन्हाळ्यात असंच पॉलिश व्हायचं, आणि ओटीवर पन्नास माणसं सहज बसायची. आजोबांची दृष्टी पूर्ण गेलेली, तरी घरात ते काठी घेत नसत. "माझं घर मला पाठ आहे," म्हणायचे आणि पावलं मोजत देवघरापासून ओटीपर्यंत ताठ चालत यायचे. मी दहा वर्षांची असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी, मावसभावंडांना हसवायला मी भिंतीजवळची खुर्ची त्यांच्या वाटेत सरकवली. ते अडखळून गुडघ्यांवर पडले. कुणीच हसलं नाही. आई येईपर्यंत मी खुर्ची गुपचूप जागेवर नेली. आजोबा हाताने समोर चाचपत होते आणि तिथे काहीच नव्हतं. "काय झालं, बाबा?" आईने विचारलं. ते ओशाळून म्हणाले, "काही नाही गं, मोजायला चुकलो." मला तेव्हाच बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीला धरून चालायला लागले, आणि दिवाळीला गेलो तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. आजोबा जाऊनही आता खूप वर्षं झाली. परवा माझ्या लेकीला मी कौतुकाने सांगत होते की दिसत नसूनही ते घरभर बिनकाठीचे फिरायचे. तिने अल्बममधल्या फोटोवर बोट ठेवलं. "मग इथे काठी का आहे, आई?" मी म्हटलं, "वय झालं होतं गं त्यांचं."