एनआयसीयूचे उपकार आणि एका मुलीची फी

"बाळाची फुप्फुसं अजून तयार नाहीत. रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे श्वास सोडला की फुप्फुसं मिटून जातात आणि ती पुन्हा उघडायला बाळाची ताकद पुरत नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. समजलं सगळं. करता काहीच येईना.

मुलगी दिवस भरण्याआधीच झाली होती. तिला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत ठेवलं. नाकाला सीपॅप, हवेच्या दाबानं फुप्फुसं उघडी ठेवणारं मशीन. बाहेर मी बसायचो, उठायचो, जिन्यापर्यंत जाऊन परत यायचो. दार वाजलं की काचेकडे धावायचो.

पाचवीला आई लातूरहून आली. तिला बाळाच्या पायात काळा दोरा बांधायचा होता. संगीता सिस्टरनी अडवलं. "आजी, आत काही न्यायचं नाही. जंतू जातात."

"दोऱ्यानं कुठं जंतू येत्यात व्हय?" आई तणतणली.

"मी आहे ना तिच्यापाशी. कुणाची दृष्ट लागू देत नाही, बास?"

त्याच दुपारी काचेतून पाहिलं, मुलगी निळसर पडली होती. सिस्टरनी तिचा इवलासा तळवा बोटानं चोळला. ती हलली, रंग परतला. डॉक्टर म्हणाले, "ॲप्निया. अशी बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. म्हणून सतत कुणीतरी जवळ लागतं. आणि शिकलेल्या नर्स मिळत नाहीत हो." आई शेजारीच उभी होती. तिनं दोरा पदरात बांधून टाकला.

तुमचं बाळ आत असेल तर सांगतो, बिनधास्त विचारा, दहादा विचारा. आणि दोन घास खा. मी खात नव्हतो, चक्कर येऊन पडलो; सिस्टरना माझ्यामागेही धावावं लागलं.

मुलगी आता काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत धुडगूस घालते. तरी ती झोपली की मी छातीवर हात ठेवून बघतोच.

बारशाला हॉल घेतला नाही. त्याऐवजी दरवर्षी नर्सिंगच्या एका मुलीची फी भरायची, असं मी आणि बायकोनं ठरवलं. काका म्हणाले, "काम चांगलं हाय. पण पोरगी आपल्या समाजातलीच बघ."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "भावजी, त्या सिस्टरनं पोरीला हातात घेताना आपली जात इचारली व्हती का?"

पुढे नर्सिंग कॉलेजातल्या एका बाईंचा फोन आला, फीसाठी मुलगी निवडली म्हणून. बाई तिचं आडनाव सांगायला लागल्या. म्हटलं, "राहू द्या मॅडम. शिकतेय ना, झालं."