मुलींनी घरी वाचायचा धडा

बारावीच्या बायोलॉजीत मानवी प्रजननाचा धडा आला आणि आमच्या सरांनी पुस्तक मिटलं. "हा सोपा आहे, वाचून घ्या. मुलींनी तर घरीच वाचा," असं म्हणून ते सरळ पुढच्या धड्यावर गेले. मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. आम्ही मुली माना खाली घालून बसलो. माझं तर डोकंच फिरलं. सिरसाळ्याकडचं गाव सोडून अंबाजोगाईला खोली करून राहायचं, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते घोकायचं, आणि नेमका आमच्या अंगाचा धडा गाळायचा! म्हटलं, थांबा, आता हाच पाठ करते.

केलाही. इंग्रजी पुस्तक, डिक्शनरी मांडीवर. गर्भाशय कुठे, अंडाशयं कुठे, कशाचं काम काय. आमच्या वस्तीत या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, पिशवी. आमच्याकडची माणसं दसऱ्यानंतर कारखान्यावर ऊस तोडायला जातात, नवराबायको जोडीनं. बाईला पाळी आली, दुखायला लागलं, ती एक दिवस पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहिली की तो खाडा, त्या दिवसाचे पैसे कापले जातात. म्हणून दोन लेकरं झाली की बायका पिशवी काढून टाकतात. आईनं काढली, शेजारणीनं काढली. आमच्याकडे ही बातमीसुद्धा राहिलेली नाही. पुस्तकातून मला कळलं ते एवढंच, की आईची नुसती पिशवी नव्हे, अंडाशयंही गेली असणार. नाहीतर भर तारुण्यात तिची हाडं अशी कुरकुरली नसती, डिसेंबरात ती पदरानं वारा घेत बसली नसती.

त्याच वर्षी गणपतीत मी घरी गेले, अक्काही माहेरी आली. माझी थोरली बहीण, पदरात दोन लेकरं, वय चोवीस. म्हणाली, "अंगावरून पांढरं जातंय. डॉक्टर म्हन्ला पिशवी खराब झाली, कॅन्सर व्हईल. आठवड्यात काढायची हाय."

मी पुस्तक घेऊनच तिच्यापुढे बसले. आकृतीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. अक्का शाळेत हुशार होती, सातवीतून काढली म्हणून, नाहीतर माझ्या बाकावर तीच बसली असती. तिला पटापट कळत होतं. मी म्हटलं, "याला गोळ्या असतात गं. कावून काढतीस? चल अंबाजोगाईला, मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवू."

"आन् ते गोळ्या देतील, दर पंधरा दिसांनी परत या म्हन्तील. दसऱ्यानंतर मी उसाच्या फडात आसन. कशी येऊ? तिथं प्यायला पानी न्हाई, बये, पाळीचं कापड कुठं धुवावं ते तुज्या पुस्तकात हाय का?"

नव्हतं. राग तिच्यावर नव्हता, पण कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून रात्री अर्ध्या ताटावरून उठले. आई म्हणाली, "शिकलीस म्हनून लई शानी झालीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी हट्ट थोडा सोडला. बरं बाई, काढायचीच तर काढ. पण डॉक्टरला एवढं सांग, दोन्ही अंडाशयं ठेवा. ती काही दुखत नाहीत, त्यांच्यामुळे खाडा पडत नाही. ती गेली तर चोविसाव्या वर्षी म्हातारी होशील. अक्कानं 'अंडाशयं' हा शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, हसली, परत म्हटला. "सांगते," म्हणाली. "आईगत न्हाई व्हायचं मला."

मीच जाऊन डॉक्टरला सांगणार होते. पण दवाखान्यात लग्न न झालेल्या पोरीचं काय काम, तेही असल्या ऑपरेशनला? सासू, दाजी आणि दाजींचे थोरले भाऊ गेले. मला लेकरं सांभाळायला ठेवलं. घरात सायन्स शिकणारी मी एकटी, आणि मी चुलीपाशी भाकरी कुस्करत बसले होते. लई रडले त्या दिवशी.

टाके काढायच्या आधी मी तिच्या सासरी गेले. बाजेजवळ बसून पहिलंच विचारलं, "सांगितलंस ना?"

अक्कानं तोंड भिंतीकडं केलं. "मोठे दीर उभे व्हते गं तिथंच. त्यांच्यापुढं मी कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला न्हाई. डॉक्टरनं इचारलं, काही सांगायचंय का. त्यांच्यापुढं असलं कसं बोलू?"

"अगं, जीव तुझा, त्यांचं काय जातंय!" मी ओरडलेच.

"ओरडू नको. टाके वढतेत."

"मग ठेवलीत का काढलीत, ते तरी?"

"कुनाला इचारू?"

दाजींना विचारलं तर ते म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. सासू म्हणाली, पिशवी काढली, अजून काय पायजे. दवाखान्यात मी फोन लावला, तर पेशंटच्या नवऱ्याला पाठवा म्हणाले, आणि दाजी काही जाईनात. दसरा झाला, ट्रक भरला, अक्का पोटाला साडी गच्च बांधून वर चढली.

मग मी एवढंच धरून बसले, की अंडाशयं राहिली का गेली, ते आता तिचं अंगच सांगेल. दिवाळीनंतर तिचा फोन यायचा, तेव्हा मी लेकरं कशी आहेत हेही न विचारता आधी तेच विचारायचे. अंगात गरम होतं का? न्हाई, म्हणायची, आणि मी त्या दिवशी पोटभर जेवायचे. पुढच्या वेळी पुन्हा न्हाई. मला वाटलं, सुटली बाई.

कडाक्याची थंडी पडली, आमची प्रॅक्टिकल तोंडावर आली, तेव्हा एकदा पहाटेच तिचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, अंगात गरम होतं का गं?

"व्हय की," अक्का म्हणाली. "जाळ निघतो निस्ता. तुला आधीच कसं कळलं व्हतं?"