बीपच्या आधी उठणारं बोट

जळगावात माझी नोकरी वाचवली ती सावलीला म्हणून दुकानात टेकलेल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाने. नववीतून शाळा सोडून मी कोकणातून इथे कॉम्प्युटरवर माहिती भरायच्या कामाला आलो होतो. कापूस विकणाऱ्यांची फाईल संध्याकाळपर्यंत चढली नाही तर घरी जा, असं मालकांनी बजावलं होतं. एकेका ओळीत नाव, गाव, वजन आणि मध्ये स्वल्पविराम. पण फाईल वाचणारा आमचा प्रोग्रॅम फार संशयी. नावात टिंब दिसलं, गाव रिकामं दिसलं, की बीप वाजवून ओळ बाहेर.

हे प्रवासी आबा भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून, डोळे मिटून बसले होते. घामाचा थेंब नाही. स्क्रीनकडे पाठ, तरी प्रत्येक बीपच्या किंचित आधी त्यांचं बोट उठायचं.

“काय तपासस इतलं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“दारमाच बठ्ठं काय इचारस, भाऊ? तीन तुकडा शेतस ना? मोज नि मझार येऊ दे. कोन शे, ते मंग देखू.” म्हणजे दारातच सगळं विचारू नकोस, तीन तुकडे मोजून आत येऊ दे, कोण आहे ते मग बघू.

मी घाबरतच बाकीच्या तपासण्या खोडल्या, फक्त तुकड्यांची मोजणी ठेवली. फाईल एकही बीप न वाजता चढू लागली. मशीन गप्प, पण जिथे आधी बीप वाजली असती, तिथे आबांचं बोट उठतच होतं. शेवटी ते थांबलं.

“उनात बठ्ठा,” म्हणजे सगळे आले, एवढं बोलून ते उन्हात चालू लागले.

नोकरी राहिली. एक दिवस त्यांना शोधून आईच्या हातचं जेवू घालणार आहे. ते नक्की कोण, याची भीती वाटते, तरी घालणारच.